खाटेपुरती अंधेरी

जून उजाडला की अंधेरीत दोन गोष्टी नेमाने दिसू लागतात. एक म्हणजे सबवेत तुंबणारे पाणी आणि दुसरी म्हणजे विजेच्या खांबांवर, झाडांच्या बुंध्यांवर, झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. पाण्याची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत फोटोसकट छापून येते. चिठ्ठ्यांकडे मात्र कुणी पाहत नाही. पाहतात ते फक्त पाठीला सॅक अडकवलेले, हातात कागदपत्रांची प्लॅस्टिकची फाइल धरलेले, गावाहून नुकतेच आलेले विद्यार्थी. सोबत बहुधा वडील असतात. 'मुलींसाठी कॉट उपलब्ध. स्टेशनपासून चालत सात मिनिटे. फक्त शाकाहारी.' वडील चष्मा सारखा करून चिठ्ठी दोनदा वाचतात आणि मुलीला विचारतात, "कॉट म्हणजे खोलीच ना गं?" मुलीलाही ते ठाऊक नसते.

खोली नव्हे, खाटच. 'कॉट बेसिस' हा मुंबईतल्या घरभाड्याचा एक प्रकार आहे. दोन बेडरूमच्या जागेत सहा किंवा आठ खाटा मांडायच्या आणि प्रत्येक खाट वेगळी भाड्याने द्यायची. भाडेकरूच्या वाट्याला एक गादी, अर्धे कपाट, एक प्लग आणि दोरीचा दोन हात तुकडा येतो. पंखा सगळ्यांचा मिळून एकच. स्वयंपाकघरात चहा करता येतो, कधी मॅगी. फोडणी द्यायला मनाई. वेसाव्याच्या कोळणी अंधेरीत दारोदार मासळी विकतात, पण कॉटवर राहणाऱ्या मालवणच्या मुलीला ती नुसती बघायची. आठवड्यातून एकदा हॉटेलात जाऊन सुरमईची एक तुकडी मागवायची आणि तिचे पैसे महिन्याच्या हिशेबात कुठे बसवायचे याचा विचार करत घरी यायचे. घरी म्हणजे, खाटेवर!

अंधेरीला आपण सवयीने उपनगर म्हणतो. पण महापालिकेचे के पूर्व आणि के पश्चिम हे दोन विभाग, म्हणजे ढोबळमानाने पार्ले, अंधेरी आणि जोगेश्वरी, एकत्र धरले तर २०११ च्या जनगणनेत इथे साडेपंधरा लाखांहून अधिक माणसे होती. त्याच जनगणनेत अख्ख्या नाशिक शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत होती. म्हणजे हे एक मध्यम आकाराचे शहरच आहे. फक्त स्वतःचे नाव लावत नाही. या शहरात विद्यार्थी उदंड. सकाळी सातला भरणाऱ्या कॉलेजांच्या वेळी स्टेशनच्या पुलावर उभे राहावे, म्हणजे त्यांची गर्दी कळते.

ही कॉलेजे इथे आली कशी, हे पाहण्यासारखे आहे. जोगेश्वरीच्या टेकडीवर १९३० मध्ये इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झाले, तेव्हा भोवती शेते आणि गावठाणे होती. कन्हैयालाल मुनशींच्या भारतीय विद्या भवनाने १९४६ मध्ये अंधेरीला कॉलेज काढले. तेव्हा अंधेरी मुंबईतसुद्धा नव्हती. महापालिकेच्या हद्दीत ती १९५० मध्ये आली. मग अवघ्या सहा वर्षांत रांग लागली: १९५९ मध्ये पार्ले कॉलेज, म्हणजे आताचे साठ्ये, १९६० मध्ये डहाणूकर, १९६१ मध्ये मिठीबाई, १९६२ मध्ये भवनच्याच आवारात सरदार पटेल अभियांत्रिकी, १९६४ मध्ये नरसी मोनजी. उपनगरांतली मुले लोकलला लोंबकळत एल्फिन्स्टनला आणि विल्सनला जात होती, ती घराजवळ शिकू लागली.

'घराजवळ' हा शब्द इथे महत्त्वाचा. ही कॉलेजे ज्यांच्यासाठी निघाली त्यांची घरे इथेच होती. वसतिगृहाचा खर्च कशाला करायचा? आईच डबा देणार, रात्री मुलगा स्वतःच्या अंथरुणावर झोपणार. अंधेरी-पार्ल्याच्या कॉलेजांत वसतिगृहे अजिबात नाहीत असे नव्हे, पण त्यांतल्या जागा मोजक्या, आणि गुणवत्ता यादीत त्या जागांची रेघ कॉलेजच्या रेघेच्याही वर ओढलेली. पुढे १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मिळाली, प्रवेश राज्यभरातून एका यादीने होऊ लागले, आणि अंधेरीच्या वर्गांत लातूर, जळगाव, गोंदिया शेजारी शेजारी बसू लागले. अभियांत्रिकीच्या प्रवेशात विद्यापीठाच्या क्षेत्रातल्यांना सत्तर टक्के आणि बाहेरच्यांना तीस टक्के जागा असा हिशेब असतो. त्यात गंमत अशी की मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. म्हणजे प्रवेशाच्या कागदावर सावंतवाडीचा मुलगा 'घरचा'! घर पाचशे किलोमीटरवर आणि तरीही घरचा.

मीही अशीच 'घरची' होते. १९९१ साली बारावी होऊन कणकवलीहून अंधेरीला आले. कोकण रेल्वे अजून झाली नव्हती. रात्रभर एस.टी.त पाय आखडून बसायचे आणि पहाटे हायवेवर उतरून डोक्यावर तांदळाची पिशवी घेऊन गुंदवलीत मामाच्या दारात उभे राहायचे. मामाची खोली दहा बाय बाराची, तीत मोरीसुद्धा आली. माणसे सहा, मी सातवी. तेव्हा कोकणातून शिकायला येणाऱ्यांची सोय अशीच व्हायची: मामाकडे, काकाकडे, आत्याकडे, नाहीतर गाववाल्यांच्या खोलीत. मला कुणी 'राहशील का' असे विचारले नाही आणि मामीला कुणी 'ठेवशील का' असे विचारले नाही. मामीलाही विचारायला हवे होते, हे मला फार उशिरा सुचले. पाच वर्षे तिने माझ्या पोळ्या लाटल्या. मी तिच्या मुलांचे अभ्यास घेतले, नळावर पाणी भरले, रॉकेलच्या रांगेत उभी राहिले. पण हिशेब काही फिटला नाही. तो फेडण्याची भाषासुद्धा तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हती.

अभ्यासाला जागा नव्हती. दहानंतर सगळे झोपले की मी गॅलरीतल्या दिव्याखाली बसायची, आणि शेजारचे रात्रपाळीवाले काका जाता-येता माझे पाय ओलांडायचे. मामा म्हणायचा, "आंबेडकर परळच्या चाळीतल्या एका खोलीत शिकले, तुझं काय घेऊन बसलीस!" त्याचे म्हणणे खरेच होते. रामजी सुभेदार मुलाला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आडवे होत, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात आहे. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला, हेही आपण शाळेत वाचलेले. परंतु या गोष्टीचे तात्पर्य आपण नेहमी मुलाच्या जिद्दीवर बेतून मोकळे होतो. त्या खोलीत वाचायला जागा नव्हती म्हणून बापाने आपली झोप दिली, हे पुढच्या वाक्यात विसरतो.

गुंदवलीच्या त्या खोलीत मला एक गोष्ट मात्र मिळाली होती, आणि तिची किंमत मला आता कळते. मला पत्ता होता. बाबांचे पत्र यायचे त्यावर माझ्या नावाखाली 'मार्फत' लिहून मामाचे नाव असायचे, माझ्या नावापेक्षा ठळक. मामाने पहिल्याच वर्षी माझे नाव रेशनकार्डावर चढवले. त्या कार्डाच्या जोरावर बँकेत खाते निघाले, मतदार यादीत नाव लागले. कॉलेजात फॉर्म भरताना 'स्थानिक पालक' या रकान्यात लिहायला माणूस होता. मी तापाने फणफणले तेव्हा कॉलेजचा शिपाई कुणाकडे निरोप घेऊन जाणार हा प्रश्न पडला नाही.

आज खाटेवर राहणाऱ्या मुलीला हा 'मार्फत' नाही. पैसे ती मोजते, आमच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त मोजते, आणि पत्ता मिळत नाही. कारण साधे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे घर भाड्याने देताना करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. चार मुली मिळून आख्खा फ्लॅट घेतात, तेव्हा अकरा महिन्यांचा करार होतो, दलाल एक महिन्याचे भाडे घेतो, पोलीस ठाण्यात कळवले जाते. सगळे रीतसर. खाटेचा करार मात्र सहसा कुणी करत नाही. जागा एकाची, ती चालवणारा दुसरा, पैसे गोळा करणाऱ्या 'आंटी' तिसऱ्याच. पावती मागितली की उत्तर ठरलेले: "पावती हवी असेल तर दुसरीकडे बघ." दुसरीकडेही तेच असते.

आणि पत्ता नसला की गोष्टी अडतात. लोकलचा विद्यार्थी सवलतीचा पास राहत्या जागेच्या स्टेशनापासून कॉलेजच्या स्टेशनापर्यंत मिळतो. कॉलेजच्या दप्तरात पत्ता देवगडचा असेल, तर दाखला देणाऱ्या क्लार्कने लिहायचे काय? बँकेची पत्रे गावी जातात. कुरियरवाला खाली उभा राहून फोन करतो आणि वॉचमन त्याला सांगतो, "वो लोग यहाँ का नहीं है." वेसावे आणि यारी रोड भागात सिनेमा-मालिकांत काम शोधणारी मुलेही अशीच खाटांवर राहतात. पण ती निदान आपण अधांतरी आहोत हे कबूल करून आलेली असतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने तसे कबूल करावे, ही अपेक्षा कुणी आणि का धरावी?

सरकारने काही केले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ही मोठी गोष्ट आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आहे, अलीकडे इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आली. मुंबईसारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये: त्यांत जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार आणि किरकोळ खर्चाचे ८ हजार. राहण्याचे वीस हजार, वर्षाचे! अंधेरीच्या खांबावरची कोणतीही चिठ्ठी वाचावी आणि हे पैसे दिवाळीपर्यंत पुरतील की गणपतीपर्यंतच, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय या पैशांसाठी तुम्ही कुठे राहता याचा पुरावा जोडावा लागतो. तो पुरावा म्हणजेच ती पावती, जी आंटी देत नाहीत.

मला हे सगळे इतके तपशिलात ठाऊक होण्याचे कारण आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होते. आम्ही आता पश्चिमेला राहतो. मामाची चाळ केव्हाच पडली. तिच्या जवळून आता मेट्रो जाते, आणि गुंदवली हे नाव जिन्यावर निळ्या पाटीत दिसले की मला क्षणभर रॉकेलचा वास येतो. तर, आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मालकाने कुणाला तरी चालवायला दिला होता आणि तिथे आठ मुली खाटांवर राहत होत्या. त्यांतली एक देवगडजवळची. वडिलांची आंब्याची पन्नासेक कलमे, एक वर्ष धरणारी आणि दोन वर्षे दगा देणारी. मुलगी कॉम्प्युटर शिकत होती. फी शून्य. खाटेचे महिन्याला साडेआठ हजार, डब्याचे साडेतीन हजार. लिफ्टमध्ये माझे बोलणे ऐकून तिने ओळखले की काकी सिंधुदुर्गातल्या, आणि मग अधूनमधून ती दारात येऊन उभी राहू लागली; कधी लिंबू मागायला, कधी नुसतीच.

गेल्या सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर सातवा विषय होता: अविवाहित भाडेकरूंना सदनिका देऊ नये. तक्रारी सगळ्याच खोट्या नव्हत्या. चार माणसांच्या पाण्यात आठ जणी आंघोळ करत होत्या आणि चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या नळाला सकाळी पाणी चढत नव्हते, हे मी स्वतः पाहिले होते. जिन्यात चपलांचा ढीग असायचा. रात्री साडेबाराला जेवण घेऊन येणारी मुले भलत्याच घराची घंटा वाजवायची. पण पाण्याच्या तक्रारीवर जादा टाकी हा उपाय आहे, हे कुणी बोलले नाही. बोलणे लगेच 'वळणा'वर गेले. आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याने घर भाड्याने देण्याआधी सोसायटीची परवानगी घ्यावी लागत नाही, फक्त कळवावे लागते. नियम एवढाच आहे, आणि तो मला माहीत होता. घरी पुस्तिका आहे. सेक्रेटरींनी विचारले, "विरोधात कुणी?" माझा हात मांडीवरच राहिला. समोर बसलेल्या सगळ्यांशी पुढची वीस वर्षे जिन्यात गाठ पडणार होती. इतिवृत्तात नोंद झाली: ठराव एकमताने मंजूर.

मालकाला पत्र गेले. मालकाने चालवणाऱ्याला सांगितले, त्याने आंटींना, आणि आंटींनी एका रात्री आठ जणींना महिनाअखेरची तारीख दिली. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर होती. करारच नव्हता, तेव्हा दाद कुणाकडे मागणार? डिपॉझिटमधून 'रंगाचे पैसे' कापले गेले. भिंतींना रंग अजून लागलेला नाही.

जाण्याआधी देवगडची मुलगी माझ्याकडे आली होती. आधार योजनेच्या अर्जाला राहत्या जागेचा पुरावा हवा होता. "काकी, तुमच्याकडे राहते असं लिहून द्याल?" तिने विचारले. मी तसे लिहून देऊ शकले नाही. ती माझ्याकडे राहत नव्हती, आणि खोटे शपथपत्र उद्या तिच्याच अंगाशी आले असते. हे कारण खरे आहे. पण सभेत गप्प राहिलेल्या बाईने दिलेले खरे कारणही ऐकणाऱ्याला कसे लागत असेल, ते तिच्या चेहऱ्यावर दिसले. मी म्हटले, बँकेत पत्रव्यवहारासाठी माझा पत्ता दे, टपाल मी सांभाळीन. तिने मान हलवली आणि मोबाइलमध्ये पत्ता लिहून घेतला. ठरावाविषयी तिला माहीत होते की नाही, मी विचारले नाही.

आता ती मीरा रोडला राहते. तिथली खाट अडीच हजारांनी स्वस्त आहे. सकाळच्या प्रॅक्टिकलसाठी पावणेसहाला निघते. गाडीत दारापाशी उभी राहून वाचते म्हणे, कारण बसायला मिळाले की झोप लागते आणि अंधेरी निघून जाते. आधारचे पैसे मिळालेले नाहीत. नव्या जागेची पावतीही मिळालेली नाही.

जानेवारीत पोस्टमनने एक पाकीट आणले. बँकेचे कार्ड होते. वर तिचे नाव, खाली 'मार्फत' म्हणून माझे. पोस्टमन नवा होता. "ह्या इथंच राहतात ना?" त्याने विचारले. मी सही केली.

फोन केला तर म्हणाली, रविवारी येते. आली तेव्हा साडेबारा झाले होते. दारातच तिने नाक वर केले आणि प्रमाण मराठी विसरून म्हणाली, "काकी, बांगडे तळतास?" मी म्हटले, हात धू. जेवताना परीक्षेविषयी बोलली, देवगडला या वर्षी मोहोर बरा आल्याचे बोलली. तिसऱ्या मजल्याविषयी काही बोलली नाही. चार बांगडे होते, त्यांतले तीन तिला वाढले. पाकीट तिने ताट घासून झाल्यावर उघडले.